बावन्नाचे अठ्ठावन्न

गुरुवारची आरती अजून सुरू व्हायची होती, पण मुलुंडच्या स्नेहसागर सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. नाहूरहून, भांडुपहून माणसं आली होती, आणि एक म्हातारे गृहस्थ तर दम्याचा पंप हातात धरूनच रांगेत उभे होते. सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती. व्यासपीठावर श्वासेश्वर महाराजांच्या आसनामागे दोन फ्रेम टांगल्या होत्या. डावीकडच्या फ्रेममध्ये ५२ हा आकडा, उजवीकडच्या फ्रेममध्ये ५८. दोन्ही आकड्यांभोवती कुंकवाचं वर्तुळ. आणि दोन्ही कागदांच्या वरच्या अर्ध्या भागावर महाराजांचा हात उंचावलेला फोटो, चंदनाच्या हारासकट.

"श्वास कोण घेतो?" महाराजांनी विचारलं. "तुम्ही घेता? छे! श्वास तुम्हाला घेतो!"

"वा!" पुढच्या रांगेतून दाद आली.

"आता हे बघा. यंत्र पाश्चात्यांचं, पण प्राण आपला! यंत्रात काय मोजतात? ऑक्सिजन. ऑक्सिजनमधला ओ कुठून आला? ओंकारातून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बँकेत अधिकारी असलेल्या, बी.कॉम. झालेल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या बरं का. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव यांनी.

मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले मधुकर प्रधान सर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचं लक्ष महाराजांच्या पायाशी बसलेल्या मुलीकडे होतं. पांढरी साडी, कपाळाला भस्म, आणि गळ्याखालची हाडं इतकी वर आलेली की लांबूनही मोजता यावीत. ही सगुणा, नाहूरच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातली. वय एकोणीस. सरांनी तिला शाळेपासून पळायला शिकवलं होतं. भिंतीवरचे ते दोन्ही आकडे तिचेच होते.

आणि खरं सांगायचं तर, त्यातला पहिला आकडा सरांनीच आणला होता.

शहाऐंशी सालची ही गोष्ट. प्रधान सर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि पळणाऱ्या मुलामुलींचंही तेच बघायचे. भूत नसतं, अंगात येत नसतं, हे ते दरवर्षी आठवीच्या वर्गात ठणकावून सांगायचे. सगुणा दहा किलोमीटर एकोणचाळीस मिनिटं चाळीस सेकंदांत पळायची. मार्चमध्ये आरे कॉलनीच्या रस्त्यावर एका सरकारी खात्याची निवड चाचणी होती. एकोणचाळीस मिनिटांच्या आत आलेल्या पहिल्या दोन मुलींना खेळाडू म्हणून कायमची नोकरी मिळणार होती. म्हणजे फक्त चाळीस सेकंद कमी करायचे होते. आई मथुरा मुलुंडच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. तिची पाटी आपल्या डोक्यावर येऊ नये यासाठी सगुणा पळत होती, आणि हे ती कोणालाही बेधडक सांगायची.

सरांचा कॉलेजातला मित्र डॉक्टर श्यामकांत एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत खेळाडूंच्या श्वासाचा अभ्यास करत होता. सर तिला तिथे घेऊन गेले. फिरत्या पट्ट्यावर पळवलं, नाकाला चिमटा, तोंडात नळी, नळीच्या टोकाला भलीमोठी पिशवी. जीव जाईस्तोवर पळताना शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरतं, ते त्यातून काढायचं. उत्तर आलं बावन्न.

"चांगला आहे रे आकडा. पण आकड्यावर फार जाऊ नकोस," असं श्यामकांत म्हणाला होता. सरांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. शाळेच्या फळ्यावर त्यांनी खडूने हातभर मोठा ५२ काढला. "परदेशातल्या मोठ्या धावपटूंचा साठ-सत्तर असतो! आपल्या मुलीचा बावन्न!" असं चार लोकांत सांगितलं. त्या चारांत अनंतराव होते. आता अनंतरावांसारख्या माणसाला कुठलाही आकडा दिसला की तो परीक्षेच्या टक्क्यांसारखाच वाटतो. बावन्न म्हणजे सेकंड क्लास.

"बावन्न फार नाहीत हो सर," ते म्हणाले होते. "आमच्या महाराजांना दाखवूया का?"

चाळीस दिवसांत आकडा वाढवून दाखवतो, अशी महाराजांनी पैज लावली. चाळीस दिवस प्राणभस्म, एक वेळ दूध आणि मूठभर लाह्या. मासळी बंद, कारण मासळी जड, ती प्राणाला दाबते. एका कोळ्याच्या पोरीने मासळी सोडली याचं सोसायटीतल्या काही बायकांना फार कौतुक वाटलं, ते का वाटलं हे इथे सांगत बसत नाही. चाळीस दिवसांनी अनंतराव स्वतः तिला त्याच प्रयोगशाळेत घेऊन गेले. तोच डॉक्टर, तेच यंत्र, तीच पिशवी. आकडा आला अठ्ठावन्न.

झालं! महाराजांनी कोष्टकच छापलं. बावन्नाला चाळीस मिनिटं, अठ्ठावन्नाला छत्तीस. भस्माच्या पुड्यांसाठी रांगा लागल्या.

सरांची झोप उडाली. बाबा खोटा असतो, हे त्यांना पाठ होतं. पण यंत्र खोटं नव्हतं आणि श्यामकांतही खोटा नव्हता. मग काय झालं? खरंच त्या राखेत काही असेल का? हा विचार मनात आला तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण आला खरा.

या गुरुवारच्या आधीच्या रविवारी त्यांनी सगुणाला आरेमध्ये पळवून बघितलं होतं. अठ्ठावन्नवाली मुलगी छत्तीस मिनिटांत यायला हवी होती. ती त्रेचाळीस मिनिटांत आली. गोठ्यांच्या वळणावर तिने कुंपणाला हात टेकला आणि खाली बसली. ओठ पांढरे पडले होते.

"काय होतंय गं?"

"काही नाही सर. महाराज म्हणतात, प्राण साठतोय. चाचणीच्या दिवशी एकदम उघडेल."

"आणि नाही उघडला तर?"

"आकडा वाढलाय ना सर?" ती म्हणाली. "यंत्राने सांगितलंय. तुम्हीच म्हणायचात, यंत्र खोटं बोलत नाही."

तिचं ते वाक्य या गच्च हॉलमध्येही सरांच्या कानात घुमत होतं. आरती सुरू झाली तसे ते गुपचूप बाहेर पडले.

शुक्रवारी सकाळी ते बाजारात गेले. प्रधानांच्या घरी मासळी मथुराकडूनच यायची, वीस वर्षांचा रिवाज होता. पण मथुराने त्यांना बघितलं आणि पाटीवर ओलं फडकं टाकलं.

"तुला नाय देव्याची."

"का गं मथुरा?"

"कला म्हणून इचारतंस? पोर माझी सुकली, मास्तर. चार-चार वेळा मोरीत जाते. घरात म्हावरा शिजला तर उठून बाहेर बसते. दोन महिने झाले, तिला पाळी नाय आली. एकोनीस वर्साच्या पोरीला! आन् तुमी तिथं टाल्या वाजवताव."

"मी नाही वाजवल्या. पण मथुरा, आकडा खरंच वाढलाय. मलाच कळत नाही कसा."

"कसला आकडा ह्यो? काय मोजतान त्यात?"

सरांनी सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. "म्हणजे बघ, पळताना अंग एका मिनिटात किती प्राणवायू वापरतं ते मोजायचं. मग मोठ्या माणसाची आणि लहान माणसाची तुलना व्हावी म्हणून ते किलोवर काढायचं. अंगाच्या एका किलोला किती, असं."

मथुराने शेजारच्या टोपलीतले सुके बोंबील मूठभर उचलले आणि त्यांच्या नाकासमोर धरले. वेसाव्याच्या तिच्या माहेराहून आले होते.

"ओला बोंबील किलोला किती येतंय, मास्तर?"

"दहा-बारा?"

"आन् ह्यो सुका?"

"पन्नास... साठ असतील."

"मग सुकवल्यावर बोंबील वाढला काय रं?"

सर तिथेच उभे राहिले. मागून कोणीतरी "सरका ना" म्हणून ढकललं तरी ते हलले नाहीत. अरे देवा! वर्षानुवर्षं आपण आठवीला घनता शिकवतो. वस्तुमान भागिले आकारमान, खालची संख्या लहान झाली की उत्तर मोठं होतं, हे हजार वेळा फळ्यावर लिहिलं. आणि इथे खाली काय आहे हे बघायचं सुचलंच नाही? नुसता आकडा बघितला आणि मुंडी हलवली. अनंतरावांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

"किलोला किती ते सांगतंस," मथुरा फडकं उचलत म्हणाली. "पन पोरीचे किलो किती उरलं, ते कुनी इचारलं?"

सर तडक इस्पितळात गेले. श्यामकांतने रजिस्टर काढलं आणि दोन्ही नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिल्या चाचणीच्या दिवशी वजन पन्नास किलो आणि प्राणवायू मिनिटाला दोन हजार सहाशे मिलिलिटर. दुसऱ्या वेळी वजन चव्वेचाळीस आणि प्राणवायू दोन हजार पाचशे पन्नास.

"म्हणजे प्राणवायू वाढला नाही? उलट घटला?"

"घटला. वजन त्याहून जास्त घटलं, म्हणून भागाकार फुगला. रिपोर्टवर सगळं लिहिलंय, वरच्या अर्ध्या भागात. मी त्या सेक्रेटरींना म्हटलंसुद्धा, मुलीला जेवायला घाला. ते म्हणाले, डॉक्टर, आकडा तेवढा मोठ्या अक्षरांत लिहा." श्यामकांतने चष्मा काढून पुसला. "मी लिहिला. चूक झाली माझी."

"आणि ते कोष्टक? अठ्ठावन्नाला छत्तीस मिनिटं?"

"अरे, शंभर माणसं रस्त्यावरून उचलून आणलीस तर त्यातला पळणारा कोण आणि बसून राहणारा कोण, हे आकड्यावरून ओळखता येतं. पण सगळेच पळणारे असले की त्यांच्यात पहिला कोण येईल हे आकडा सांगत नाही. कोण कमी दमात जास्त अंतर कापतं, कोण वेग शेवटपर्यंत धरून ठेवतं, ते या पिशवीत येत नाही. आणि उपाशी पोरीच्या पायात जोर नसतो, तोही येत नाही."

जाता जाता सरांनी मथुराकडून आणलेली भस्माची पुडी त्याच्या टेबलावर ठेवली. ती इस्पितळातल्या औषधं बनवणाऱ्याने हुंगली, चिमूटभर पाण्यात भिजवून बघितली आणि तो हसला. गोवऱ्यांची राख, आणि निम्मी सोनामुखी. जुलाबाचं औषध!

पुढचा गुरुवार आला. चाचणी रविवारी होती. हॉल पुन्हा गच्च भरला होता, महाराज पुन्हा ओंकारावर आले होते, आणि तेवढ्यात दारात गलका झाला. मथुरा येत होती. डोक्यावर पाटी, हातात तागडी. मागून प्रधान सर.

"अहो, अहो, हे काय! देवापुढे मासळी?" पुढच्या रांगेने नाकाला पदर लावले.

"देवाला वास नाय येत. तुला येतंय," मथुरा म्हणाली आणि व्यासपीठासमोर मांडी घालून बसली.

अनंतराव धावले. "सर, हा काय तमाशा लावलाय? तुम्ही शिक्षक ना?"

"म्हणूनच आलोय. पाच मिनिटं द्या, अनंतराव. मग मला हवं तर सोसायटीतून हाकला."

मथुराने तागडीच्या एका पारड्यात किलोचं वजन टाकलं, दुसऱ्यात ओले बोंबील. ती एकेक टाकत गेली, आणि काय गंमत असते बघा माणसाची, नाकाला पदर लावलेला हॉल मोजायला लागला. बाराव्याला काटा मधोमध आला. मग तिने सुके टाकायला घेतले. वीस, चाळीस, पन्नास. चौसष्टाला काटा मधोमध आला.

"बाराचे चौसष्ट झाले," सर म्हणाले. "महाराज, हा चमत्कार कोणाचा?"

हशा पिकला. महाराजही हसले. "बाळ, मासळीला आत्मा कुठे? मनुष्याचा प्राण तागडीत मावत नाही!"

"पण तुमचा आकडा तागडीवरच उभा आहे. तो दर किलोचा आकडा आहे. फ्रेम उघडा, कागदाचा झाकलेला वरचा भाग दाखवा."

महाराजांचं हसू गेलं. "खबरदार! चौकट मंत्रबद्ध आहे. उघडली तर मुलीचा प्राण विस्कटेल!"

म्हाताऱ्या गृहस्थांच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. आता काय होणार म्हणून सर अनंतरावांकडे बघत होते. अनंतराव फ्रेमकडे बघत होते. पंचवीस वर्षं बँकेत कागद तपासलेला माणूस. अर्धा कागद झाकून सही मागायला आलेल्याला त्यांनी जन्मात कधी सही दिली नसती.

ते वर चढले. खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, एका चावीच्या टोकाने फ्रेममागचे खिळे वाकवले आणि महाराजांचा फोटो बाजूला केला. मग दुसऱ्या फ्रेमचा. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून ते बराच वेळ वाचत राहिले. ओठ हलत होते.

"दोन हजार सहाशे भागिले पन्नास, बावन्न," ते म्हणाले. "दोन हजार पाचशे पन्नास भागिले चव्वेचाळीस..." पुढचं त्यांनी तोंडी केलं आणि कागद खाली केला. "प्राणवायू कमी झालाय. पोरीचं सहा किलो मांस गेलंय."

सरांनी पुडीत काय होतं तेही सांगितलं. महाराज उठून उभे राहिले. "यंत्र खोटं आहे! पाश्चात्यांचं यंत्र!"

"मागच्या गुरुवारपर्यंत खरं होतं की हो," मागून एक बाई म्हणाल्या.

या वेळी कोणी हसलं नाही. कारण सगुणा उठून उभी राहिली होती. तिने महाराजांकडे बघितलंही नाही, सरळ सरांकडे बघितलं.

"मग छत्तीस मिनिटं?"

"नाही गं. तसं काही नसतं."

"पण आकडा मोठा म्हणजे चांगला, हे मला तुम्ही शिकवलंत सर. फळ्यावर तुम्ही लिहिलंत. मी उपाशी राहिले ती यांच्यासाठी नाही. त्या आकड्यासाठी."

भर सभेत सरांचे डोळे भरून आले. "माझी चूक आहे," ते म्हणाले. "या माणसाने तुला फसवलं, पण दार मी उघडं ठेवलं होतं. आकडा कसा आला ते न सांगता मी आकडा नाचवला. मग त्याच्यात आणि मंत्रात फरक उरत नाही."

मथुरा पाटी तिथेच टाकून उठली आणि लेकीला कवेत घेऊन जिना उतरली. महाराज दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेले. त्यांनी घाटकोपरला नवा हॉल धरल्याचं पुढे कानावर आलं. फ्रेम नव्या होत्या म्हणे, आणि त्यांत या वेळी रक्तदाबाचे आकडे होते.

रविवारी सगुणा पळाली नाही. श्यामकांतने सक्त मनाई केली होती. ती आरेमध्ये रस्त्याच्या कडेला आईची शाल पांघरून उभी राहिली आणि सरांच्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली. पहिली आलेली बोरिवलीची मुलगी अडतीस मिनिटं वीस सेकंदांत आली. श्यामकांतने तिलाही त्याच पट्ट्यावर पळवलं होतं. तिचा आकडा होता एकोणपन्नास. सगुणाने तो ऐकला आणि शालीत तोंड लपवून रडली. नोकऱ्या दोनच होत्या, त्या वर्षीच्या गेल्या. ते नुकसान कुठल्याही भाषणाने भरून आलं नाही, आणि सरांनी भाषण केलंही नाही.

पाळी सुरू व्हायला चार महिने लागले. वजन पन्नासवर यायला सहा. सर तिला आता आकडा सांगत नसत, वेग शिकवत. पहिले तीन किलोमीटर रोखून धरायचे, चढावर पाऊल आखूड टाकायचं. पुढच्या मार्चमध्ये ती त्याच रस्त्यावर अडतीस मिनिटं सेहेचाळीस सेकंदांत दुसरी आली. आदल्या आठवड्यात श्यामकांतने तिची पुन्हा चाचणी घेतली होती. आकडा आला होता तोच, बावन्न. तेवढ्याच बावन्नात ती पूर्वीपेक्षा जवळजवळ एक मिनिट आधी पोचली.

अनंतराव पेढे घेऊन बाजारात गेले आणि सवयीने विचारून बसले, "काय गं मथुरा, आता आकडा किती?"

"पन्नास किलो," मथुरा म्हणाली. "सकाली दोन बांगडे खाऊन गेली कामावर."

उद्या तुमच्या दारातही कोणीतरी वाढलेला आकडा घेऊन येईल. भगवी वस्त्रं घालून येईल, नाहीतर पांढरा कोट घालून. आकडा खरा असेल, यंत्रही खरं असेल. तरी हात जोडू नका. झाकलेला अर्धा कागद उघडायला लावा, कशाला कशाने भागलंय ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. आणि तो आकडा ज्याच्या अंगातून काढलाय, ते माणूस आज जेवलंय का, हे सगळ्यात आधी विचारा.